आईचं कन्फेशन आणि नवं चर्च

देवावर रुसू नये, हे लहानपणापासून ऐकत आले आहे. तरी त्या ऑक्टोबरात मी रुसले होते. दिल्लीतलं घर सोडून आम्ही गुडगावच्या नव्या वसाहतीत आलो आणि पाठोपाठ धर्मप्रांताच्या बिशपांनी आमचा भाग जुन्या धर्मग्रामातून, म्हणजे जुन्या चर्चच्या हद्दीतून, काढून नव्याला जोडला. इकडची कुटुंबं वाढत होती, तेव्हा निर्णय योग्यच होता. पण नव्या धर्मग्रामाला अजून इमारतही नव्हती. मिस्सा, म्हणजे रविवारची सामूहिक उपासना, व्हायची एका शाळेच्या हॉलमध्ये, तीही हिंदीत. माझी आई मूळची वसईची, तिला ते चर्च वाटेचना.

त्यातच तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दुसऱ्या दिवशी ॲडमिट व्हायचं, आणि सकाळपासून तिचा एकच हट्ट. "मला कन्फेशन करायचंय, तेही मराठीत. त्याशिवाय मी हॉस्पिटलची पायरी चढणार नाही." जुन्या चर्चमधल्या मराठी जाणणाऱ्या फादरांची याच फेरबदलात दूर बदली झालेली. नव्या फादरांकडे अजून फोनही बसवलेला नव्हता. माझे यजमान स्कूटरवरून शाळेत जाऊन आले, तर तिथे कुलूप. मला धड स्वयंपाक सुचेना. आई मनावर ओझं घेऊनच गेली तर, हाच विचार मनात घोळत होता.

संध्याकाळी बेल वाजली. दारात चार बायका, एकीच्या हातात पवित्र मरीयेची मूर्ती. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना; मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते. त्यांना जायचं होतं शेजारच्या ब्लॉकमध्ये. तिथेही आमच्याच नंबरचं घर होतं. मी चूक सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. त्यांच्यातल्या एका केरळी नर्सने सगळं ऐकून घेतलं. "रोइए मत, दीदी. फादर पास में ही हैं, मैं बुला लाती हूँ."

आले ते नव्या धर्मग्रामाचेच फादर, झारखंडचे, अगदी तरुण. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "याला माझं काय कळणार गं?" मी संकोचत त्यांना अडचण सांगितली. ते हसून आईच्या पलंगाशी बसले.

"माताजी, आप मराठी में ही बोलिए. माफ़ करने वाला मैं थोड़े ही हूँ. जिसको सुनना है, वो सब समझता है."

आम्ही बाहेरच्या खोलीत जपमाळ म्हटली. कुणी हिंदीत, कुणी मल्याळममध्ये, मी मराठीत. आत आई कितीतरी वेळ बोलत होती. दार उघडल्यावर मी धावत गेले, तर डोळे पुसत म्हणाली, "भूक लागलीय. काही केलंयस का?"

ऑपरेशन नीट पार पडलं, त्याबद्दल देवाचे आभार आहेतच. पण माझं मन हलकं झालं ते त्याच संध्याकाळी. मी दिवसभर मराठी जाणणारेच फादर मागत बसले होते. काय हवं ते देवाला सांगावं. कुणाच्या हातून द्यायचं, ते त्याच्यावर सोडावं.