नातीच्या पेपरात माझी थाप

सांगावं की सांगू नये, ठरत नव्हतं. पण चहा तुमचा आहे, तेव्हा ऐका.

आम्ही कसब्यातले तांबट. मला सही येते, नाव वाचता येतं, बाकी अंधार. आणि नात सई पीएचडी करते. कशावर? तर आमच्याच तांब्याच्या भांड्यांवर!

एकदा म्हणाली, "आजोबा, उद्या पेपर पाठवायचाय. शेवटचा हात फिरवतेय. वाचते, चुकलं तर थांबवा."

मी मांडी ठोकून बसलो. शिकलेली पोरगी मला विचारणार, मग? कागद सरांच्या लाल पेनानं भरलेले. म्हटलं, "चालू दे. भांडंसुद्धा ठोकूनच चकाकतं."

ती वाचायला लागली. "हंड्यावर ठोके पाडण्याआधी कारागीर आत तोंड घालून गिऱ्हाइकाचं नाव सांगतो. न सांगितल्यास हंडा गळतो, अशी समजूत आहे."

चहा नाकात गेला हो माझ्या.

अहो, ती मीच मारलेली थाप. वही घेऊन मागे लागली होती, गंमत केली. ही त्यावर अख्खं पान लिहील, मला काय माहीत?

"सई, ते पान काढ."

"का? सरांनी तिथंच 'उत्तम' लिहिलंय. पेपर त्याच्यावर उभा आहे."

"खोटं आहे ते. माझी थाप."

"आजोबा, मी आळीत चार दुकानांत विचारलंय. चौघंही हेच करतात. बबनकाकांचा तर हंड्यात डोकं घातलेला फोटो आहे."

आता मात्र घाम फुटला. बबन पोरगा असताना माझ्याकडे शिकायला आला, तेव्हा त्यालाही हीच थाप मारली होती. खरं सांगायचं राहूनच गेलं. त्यानं पुढं तिघांना शिकवलं.

सगळं ऐकून सईनं खाली एक ओळ वाढवली. "तुमचं नाव घातलंय," एवढंच म्हणाली.

पेपर छापून आला. माझं नाव मी बोट ठेवून वाचलं. छाती अशी फुगली, तडक बबनच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती, बरंच झालं. म्हटलं, "बबन, इथून वाच. मोठ्यानं."

त्यानं चष्मा लावला. "ही प्रथा गजानन तांबट यांनी शिकाऊ बबन यांची चेष्टा करण्यासाठी सुरू केली."

बबननं चष्मा काढून पुसला.

"अण्णा, माझा आजवर एक हंडा गळला नाही. तुमचे किती गळले, तेही छापायचं होतं."