मोहाला लावलेला बझर

मोहाची फुलं पडायला लागली की आमच्या रविवारच्या वर्गाचे बारा वाजायचे. एटापल्लीच्या आतल्या एका गावात, शाळेच्या एका खोलीत, मी शनिवार-रविवार सहावी ते आठवीच्या पोरांना वायरी, बॅटऱ्या, सेन्सर आणि जुन्या लॅपटॉपवर थोडं प्रोग्रामिंग शिकवते. मोहाच्या दिवसांत शनिवारी शाळा असल्यानं खोली भरलेली आणि रविवारी निम्मी रिकामी. बाकीचे पोट्टे पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात. मी मूळची कोरपन्याकडची. कापूस वेचायच्या दिवसांत आमची शाळाही अशीच ओस पडायची, त्यामुळे रागवायचा हक्क मला नव्हता. तरी मी रागवायचेच.

त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. हातात वायर आली की तिला भूक-तहान आठवायची नाही. बझर वाजला नाही तर माझ्या तोंडाकडे न बघता आधी बॅटरी उलटी करून पाहायची. बाईनं एकीला असं जास्त आवडून घेऊ नये म्हणतात, पण मला ती आवडायची. एका शनिवारी तिनं सामान डब्यात नीट लावलं आणि म्हणाली, "म्याडम, मी आता रवारी नाई येत."

घरी ती आणि आई, दोघीच. आई पहाटे वेचलेला मोह विकण्याआधी वाळायला अंगणात पसरून पुन्हा जंगलात जायची. मागे शेळ्या आणि अवकाळी पाऊस यांच्यावर नजर ठेवायला पोरगी घरी हवी. एक सर आली तरी फुलं काळी पडतात. आणि मला ठाऊक होतं, मोह संपला की तेंदूपत्ता, मग धान. एकदा सुटलेली मुलगी वर्गात परत येत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून आम्ही पाऊस ओळखणारं यंत्र केलं. पुठ्ठ्यावर चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या दोन पट्ट्या, मधे बारीक फट. थेंब पडला की फट जोडली जाते आणि बझर वाजतो. प्रोग्राम तिनंच लिहिला. मोठ्या ऐटीत आम्ही तिच्या घरी गेलो, पुठ्ठ्यावर पाणी शिंपडलं, बझर कोकलला. आईनं शांतपणे पाहिलं.

"चांगलं हाय, बाई. पण वाजलं त मोह उचलन कोण? शेळी?"

मुलगी थोडा वेळ आईशी गोंडीत काहीतरी बोलत राहिली, मग माझ्याकडे वळली. "मोह शाळेत वाळू घातला त? मी खिडकीपाशी बसतो."

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "शाळेत मोह? लोक का म्हणतीन?"

"वाळवून राह्यलो सर, गाळून नाई राह्यलो," मी म्हटलं. ते हसले, आणि तिथंच काम झालं.

रविवारी सकाळी आमच्या खिडकीखाली मैदानाचा एक कोपरा सारवलेला होता, त्यावर आईनं आणून पसरलेला ताजा मोह. जे वाचवायचं त्यालाच पहारा, या हिशेबानं मुलीनं पुठ्ठा थेट फुलांत खोचला. थोड्याच वेळात बझर वाजला. सगळे धावले. आभाळ निरभ्र. आत येऊन बसलो, पुन्हा वाजला. मी वैतागून ते कार्ट बंद करा म्हणणार, तेवढ्यात तिनं पुठ्ठा उचलून बोट फिरवलं. बोट चिकट झालं. ताज्या मोहाचा रस पट्ट्यांवर उतरला होता. बिचारा बझर खरंच सांगत होता.

आई अजून तिथंच होती. "हे त उन्हातबी रडते," ती म्हणाली आणि टोपली भरायला वाकली. मोह घरी गेला म्हणजे पोरगीही गेली. मुलीनं पुठ्ठा पुसला, एका काठीला बांधला आणि काठी फुलांच्या मधोमध रोवली, पुठ्ठा आभाळाकडे करून. मग म्हणाली, "आजच्या दिवस राहू दे ना, आई." आई वर आभाळाकडे, मग पोरीकडे पाहत राहिली. टोपली रिकामीच घेऊन ती जंगलाकडे निघाली.

दुपारी बझर वाजला तेव्हा कोणी हललंही नाही. सकाळी सगळे शहाणे झाले होते ना. ती मात्र उठून गेली. खिडकीतून पाहिलं तर एकटीच भराभर मोह ओढत होती, आणि डोक्यावरच्या पत्र्यावर टपटप सुरू झाली. मग काय, सगळेच पळालो. सतरंज्या, पोती, पोरींच्या ओढण्या, हाताला लागेल त्यात मोह भरला आणि वर्गात आणून ओतला. लॅपटॉप कपाटावर गेले. खोलीभर तो गोड, जड वास सुटला.

आई धावत आली ती थेट मैदानात. सारवलेला कोपरा रिकामा, त्यावर पाणी. ती तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मला बघवेना. मुलीनं जाऊन तिला हाताला धरून आत आणलं. आईनं ढिगातली मूठभर फुलं उचलली, दाबून पाहिली, परत ठेवली.

"तुह्यं शिकणं झालं का?" तिनं पोरीला विचारलं.

"नाई. राह्यलं थोडं."

"मंग बस. मोहाकडे मी पाहतो."

आणि ओल्या लुगड्यानिशी ती दारातच बसून फुलं पसरायला लागली.