मावशीचे जोडलेले हात

समजा, तुम्ही आजवर फक्त लग्नांचेच फोटो काढले आहेत. ‘नवरदेव, इकडं बघा, हार परत घाला’ असं ओरडायची सवय आहे. आता अशा बायकांचे फोटो काढायचे आहेत, ज्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीत आणि ज्यांना प्रार्थना ‘परत एकदा’ करा म्हणता येत नाही. कसे काढाल?

निलंग्याच्या बुद्धप्रियाला हेच काम मिळालं. जवळच्या एका गावाबाहेर ख्रिस्ती सिस्टरांचा मठ आहे. पहाटे प्रार्थना, मग गाई, भाजीचा मळा, जेवताना मौन. मठाच्या वर्धापनदिनासाठी त्यांना रोजच्या जगण्याचा अल्बम हवा होता. तरी मोठ्या सिस्टर फिलोमिना रोज निघताना कॅमेरा मागून घेत आणि एकेक फोटो बघत.

फाटकाबाहेर बजरंगकाका थांबलेले असत. त्यांची भावजय केवळाबाई मठात भाकऱ्या करते.

“काय दिसलं आत?”

“गाई दिसल्या, काका.”

“गाईला एवढी उंच भिंत? तुला काय वाटनार म्हना. तुज्या आज्यानं बदललाच हाय धर्म.”

बुद्धप्रियाला ते लागलं. “घ्या, तुम्हीच बघा,” म्हणत तिने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. गोठा, चूल, वाळत घातलेले पांढरे झगे.

काका हसले. “ह्या बी आमच्यावानीच शेण काढायल्यात की!”

पुढचा फोटो आला. क्रुसासमोर केवळाबाई. गुडघ्यांवर, डोक्यावर पदर, हात जोडलेले.

काकांचं हसू गेलं.

लग्नात नवरी येण्याआधी करवलीला स्टेजवर बसवून लाईट बघतात. तसंच बुद्धप्रियाने सिस्टर यायच्या आत केवळाबाईला मेणबत्त्यांपुढे बसवलं होतं. सिस्टर फिलोमिना म्हणाल्याही होत्या, “हा डिलीट कर, बेटा.” पण चेहऱ्यावर उजेड इतका सुरेख पडला होता की तिच्याने तो डिलीट झाला नाही.

दुसऱ्या दिवशी केवळाबाई कामावर आली नाही. बुद्धप्रिया थेट तिच्या घरी गेली. काका ओट्यावरच होते.

“लाईट बघायला मीच बसवलं होतं मावशीला.”

“बसवलं तू. आन हात?”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

“तेही मीच सांगितलं, काका.”

काकांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं. “पुस मंग तो फोटो. माज्यासमोर.”

तिने पुसला.

“जाईल उद्यापासून,” काका म्हणाले. आत पुन्हा भाकरी थापली जाऊ लागली. केवळाबाई बाहेर आली नाही.

आता ती रोज मठात भेटते. “खाऊन घे गं, वाळून चाललीस,” म्हणत गरम भाकरी पुढे करते. त्या फोटोचं नाव काढत नाही.

बुद्धप्रियाने ती दुपार कितीदा आठवून पाहिली आहे. ‘मावशी, इथं बसा, हलू नका.’ आपण एवढंच म्हणालो होतो, याची तिला आता जवळजवळ खात्री आहे.

मग मावशीने हात का जोडले होते?