चुकीच्या नावाचं गाऱ्हाणं

देवापुढे खोटं बोललेल्या माणसाने त्याच्या कृपेबद्दल लिहावं का, हे मला अजून कळत नाही. तरी लिहितो.

लग्नाला सात वर्षं झाली, मूल नव्हतं. दादरच्या डॉक्टरांकडे मी एकटाच तपासणीला गेलो. माझ्या शरीराची प्रतिकारशक्ती माझ्याच शुक्राणूंना परकी समजून त्यांच्यावर उलटत होती. डॉक्टर म्हणाले, शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडायचा उपाय आहे, पण पत्नीचं वय पाहता उशीर नको. घरी मी सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आहे. पुढची दोन वर्षं आईने हिला एकामागून एक उपास धरायला लावले आणि मी ते मुकाट्याने पाहिले. मला लाज वाटत होती, दुसरं काही कारण नाही.

लालबागला आमच्या गावच्या मंडळाची दरवर्षी पूजा असते. सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला त्या वर्षी कोकणातून एक म्हातारे आले होते. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आईने त्यांच्या कानाशी काही सांगितलं. नारळ हातात घेऊन ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या सुनेच्या कुशीत काय दोष आसात, तर तो दूर कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. शेजारी मान खाली घालून हीसुद्धा म्हणाली.

नारळ वाढवता वाढवता ते थांबले आणि माझ्याकडे वळले. "आणि तुजा गाऱ्हाणा काय रे, झिला?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी का विचारलं, तेही मला ठाऊक नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "दोष माझ्यात आहे. दोन वर्षं मला माहीत आहे." सवयीने दोघं-तिघं "व्हय म्हाराजा" म्हणून गेले. म्हाताऱ्यांनी माझं बोलणं जसंच्या तसं देवाच्या कानावर घातलं. आई उठून बाहेर गेली.

पुढे परळला दोनदा उपचार केले. गर्भ टिकला नाही. आधी आला असतात तर बीजं जास्त मिळाली असती, असं डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं. ती दोन वर्षं मी खाल्ली, आणि ती परत येणार नाहीत. तरी त्या म्हाताऱ्यांचे पाय मी मनोमन रोज धरतो. देवावर सोपवायचं म्हणजे फक्त मागणं सोपवायचं, असं मी समजत होतो. आपली चूकही त्याच्या पायाशी ठेवावी लागते, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या खेपेचा निकाल आला तेव्हा ही मला बोलेल, म्हणून मी वाट पाहत होतो. देवापाशी दिवा लावताना ती एवढंच म्हणाली, "मी आपली माझ्यासाठीच मागत बसले. सांगितलं असतंत, तर तुमच्यासाठी मागितलं असतं."