गालावरची तीट

माझं अक्षर कुणाला दाखवण्यासारखं नाही. निपाणीला चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ तेव्हाही बसला नाही, आणि लग्न होऊन बंगळूरला आल्यावर कानडी बोलता बोलता होतं तेही हातून गेलं. ही वही कुणाच्या हाती पडलीच, तर त्यानं तेवढं सांभाळून घ्यावं. आज लिहायला बसले ते लवंगेच्या तेलाच्या वासामुळे. सकाळी भाचीच्या मुलीची दाढ ठणकायला लागली, भाचीनं कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि जयनगरच्या या नव्या घरात, जिथे भिंतींचा चुनाही अजून नीट वाळलेला नाही, तो वास कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसला. पोरीला जवळ घ्यायचं सोडून मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

माझे यजमान गेल्यावर मी काही वर्षं एका अनाथ मुलांच्या आश्रमात होते. स्वयंपाक करायचा आणि मुलांकडे बघायचं. चाळीसेक मुलं. सकाळी नळापाशी रांग लागायची, प्रत्येकाच्या तळहातावर मी चिमूटभर कोळशाची पूड ठेवायची आणि काळ्या तोंडांची ती ओळ एकमेकांना भिववत दात घासायची. दुपारी नाचणीची मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, आणि सारू, म्हणजे पातळ आमटी. मुद्दे चावायची नसते, सारूत बुडवून गिळायची असते. त्यामुळे कुणाचा दात किडला तरी महिनोन् महिने कुणाला कळत नसे. मूल निमूटपणे जेवायचं आणि आपल्याला वाटायचं, सगळं ठीक आहे.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दातांचे एक डॉक्टर यायचे. पैसे घेत नसत. धारवाडकडचे होते, मराठी बोलत, मधूनच त्यात कानडी शब्द टाकत. जेवणघराच्या खिडकीशी हातांची खुर्ची ठेवायची, स्टोव्हवर त्यांची हत्यारं उकळायला लावायची, खाली थुंकायला तामचिनीचं भांडं, हे माझं काम. एकदा त्यांनी सगळ्या मुलांना दातांचे ब्रश आणून दिले, तर मुलांनी ते कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवले, सणाला वापरायचे म्हणून. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. काढलेला दात दाखवून ते म्हणायचे, "हा मी घरी नेऊन पेरणार. पुढच्या वर्षी दातांचं झाड येईल." त्यावर होसकोट्याहून आणलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी पटकन म्हणाली होती, "मग तुमचेच पेरा की आधी. मोठे आहेत, लवकर उगवतील."

खुर्चीत बसलं की मुलं खोटं बोलायची. कुठे दुखतं म्हणून विचारलं तर नाहीच म्हणायची, नाहीतर भलतीकडे बोट दाखवायची. म्हणून मी एक युक्ती काढली होती. आदल्या दिवशी मूल माझ्यापाशी रडलेलं असायचं, कुठला दात ते मला ठाऊक असायचं. रविवारी आंघोळी झाल्या की दुखऱ्या बाजूच्या गालावर मी काजळाचा ठिपका लावायची. डॉक्टरांना ते फार आवडलं. "अक्काचा ठिपका असला की मला काही विचारावं लागत नाही," असं ते आश्रमाच्या मोठ्या बाईंना सांगत. मला कुणी चांगलं म्हटल्याचं फारसं आठवत नाही. ते आठवतं.

अशाच एका रविवारी सकाळी गावातल्या काही बायका मुलांना नवे कपडे द्यायला आल्या होत्या. होसकोट्याच्या मुलीला पिवळा झगा मिळाला. त्यात ती अशी गोड दिसली की, पाहुण्या बायका तिच्याकडे बघताहेत हे बघून, मी सहज डाव्या गालावर तीट लावली. दृष्ट लागू नये म्हणून, जशी माझी आई मला लावायची तशी. दुखत होती तिची उजवी दाढ. त्या गडबडीत खरा ठिपका लावायचा राहून गेला.

डॉक्टरांनी गाल बघितला, तोंड उघडायला लावलं. डावीकडच्या पक्क्या दाढेवरही काळा डाग होता, वाचण्यासारखा. मुलगी म्हणाली, "ही नाही, त्या बाजूची." सगळीच असं म्हणत. "अक्का, हीच ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी ठिपका बघितला आणि हो म्हणून मान हलवली. त्यांनी हिरडीत सुई दिली. "स्वल्प थांबू, बधिर होऊ दे. डोकं नीट धरा."

तिचं डोकं धरून उभी असताना मला ती तीट आठवली.

सुई दिल्यापासून दात काढेपर्यंत पाच मिनिटं होती. मोठ्या बाई शेजारी उभ्या होत्या, पाहुण्या बायका दारातून बघत होत्या. नुसतं "थांबा" म्हणायचं होतं. मी तिचं डोकं आणखी घट्ट धरलं, आणि डावी दाढ निघाली.

संध्याकाळी तिची उजवी दाढ ठणकत होती ती होतीच. पुढच्या वेळी मोठ्या बाई डॉक्टरांना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "फुकटचं काम असलं तरी बघून करावं." मी स्टोव्हला पंप मारत होते. डॉक्टर म्हणाले, "चूक झाली. माझी नजर चुकली." त्यांनी तिची दुखरी दाढ काढली, हत्यारं पुसून पिशवीत भरली. मग ते कधीच आले नाहीत. दुसरं कुणी आलं नाही. नंतरच्या वर्षांत मुलांच्या सुजलेल्या गालांवर मी लवंगेचं तेल लावत राहिले. ठिपक्यांची गरज उरली नाही.

आज दुपारी मी बसनं चिकपेटेत गेले. त्यांचा दवाखाना कुठे आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं, इतकी वर्षं मी त्या गल्लीतून जायचं टाळत होते. ते खूप थकले आहेत. त्यांनी मला ओळखलं.

"आश्रमातल्या अक्का ना? दात दुखतोय?"

"नाही," मी म्हटलं. "होसकोट्याच्या त्या मुलीच्या वेळी तुमची नजर चुकली नव्हती. चुकले मी. आणि दात काढायच्या आधी मला ते कळलं होतं."

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, मध्ये न थांबता. आयुष्यात एवढं सलग कुणाशी बोलले नसेन. त्यांनी हातातल्या फडक्याची घडी केली.

"त्यानंतर लहान मुलांचे दात मी कधी काढले नाहीत," ते म्हणाले. "वाटलं, डोळे गेले आपले. मुलं पाठवायची दुसरीकडे." मग, "तेव्हाच सांगायचं होतं, अक्का."

आवाजात राग नव्हता. राग असता तर घरी परतणं सोपं गेलं असतं. ती मुलगी आता कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. लग्न झालं, होसकोट्यालाच असते, पुढच्या दातांनी चावते, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "सरी, बरं," म्हणाले, आणि बाहेर बसलेल्या माणसाला आत बोलावलं.

सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. खरं उशिरा सांगितलं तरी ते खरंच राहतं. पण ज्याला ते हवं होतं तो माणूस आपल्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता म्हातारा झाला, आणि ती वर्षं त्याला परत देण्याची कुठलीच रीत मला माहीत नाही.