मासा न खाणाऱ्याकडे किल्ली

आमच्या शेडमध्ये सॅमनच्या अंड्यांपेक्षा किस्सेच जास्त उबतात. अंडी फक्त हिवाळ्यात; किस्से बारमाही! सांगताना मी थोडं वाढवतो की काय, अशी मला शंका येते. पण मला शंका कशाचीही येते.

नेदरलँड्सच्या लिंबर्ग प्रांतातल्या आमच्या गावात ओढ्याकाठी ही शेड आहे. नदीतून नाहीसा झालेला सॅमन परत आणायला गावकरीच ती चालवतात. अंडी उबवायची, पिल्लं ओढ्यात सोडायची. ती समुद्रात जातील आणि काही वर्षांनी अंडी घालायला इथेच परत येतील, ही आशा.

"बाबा, घरी बातम्या बघत काळजी करण्यापेक्षा बरं," म्हणत मुलीनं मला तिथे धाडलं. प्रमुख विल्मा, निवृत्त शिक्षिका.

"माशांचा अनुभव?"

"शून्य. मी मासा खातसुद्धा नाही."

"छान! मग शेडची किल्ली तुझ्याकडे!"

*

मला अंड्यांचा एक ट्रे स्वतंत्र सांभाळायला मिळाला. मी आधीच सांगून टाकलं, "माझ्या हातून घरची तुळससुद्धा जगत नाही."

"कशानं मरते?" हेंकनं विचारलं. वय चौऱ्याऐंशी, जन्म गेला मालवाहू बोटी चालवण्यात.

"जास्त पाण्यानं."

"मग इथे तुला काही भीती नाही!"

*

मेलेलं अंडं पांढरं पडतं. ते चिमट्यानं लगेच काढायचं, नाहीतर बुरशी पसरते. रोज सकाळी पांढरी दिसली की माझा विल्माला फोन.

"विल्मा, आज तीन गेली!"

"आणि बाकीची?"

"बाकीची केशरी आहेत."

"मग उद्यापासून केशरी मोजून फोन कर. दिवसभर फोन तरी येणार नाही!"

*

तरी पांढरी थांबेनात. पीएचडी झालेल्या माणसानं असं करू नये, हे मला कळतं. पण एका सकाळी मुलीच्या काजळ पेन्सिलीनं ट्रेच्या झाकणावर मी हळूच तीट लावली. विल्मानं पकडलंच.

"हे काय?"

"आमच्याकडे बाळाला लावतात. दृष्ट लागू नये म्हणून."

दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या झाकणांवर मार्करचे ठिपके!

"अगं, तुलना करायला एक तरी ट्रे बिनतिटीचा ठेवायचा!" मी म्हणालो.

"कुठला ठेवू? तू सांग."

मी मार्कर घेतला आणि एक ठिपका पुसट होता तो ठळक केला.

*

मग एकदा अंड्यांमध्ये दोन-दोन काळे ठिपके दिसले. आतल्या पिल्लांचे डोळे होते ते! हेंकनं वाकून पाहिलं आणि ओरडला, "प्रोफेसर, तुझं काजळ आत झिरपलं!"

रॉटरडॅमला बंदरावरच्या ऑफिसात असलेल्या सुनेला फोटो पाठवला. ती म्हणाली, "इथूनच समुद्रात जाणार ना, बाबा? खिडकीतून हात करीन!"

*

वसंतात माझी पिल्लं सोडायचा दिवस आला. बादलीत ती वळवळत होती. मिनिटभर आनंद झाला. मग नेहमीप्रमाणे पुढची काळजी.

"हेंक, ही परत येतील तेव्हा आपण असू का रे?"

हेंकच्या पायात कोरे करकरीत गमबूट होते.

"कालच घेतले," तो म्हणाला. "दुकानात दोन प्रकार होते. एकाला पाच वर्षांची गॅरंटी, एकाला आजीवन."

"आजीवनवालेच घेतले असशील!"

"छे! पाच वर्षांचे. जास्त टिकायला हवेत!"

बादली माझ्या हातात देत तो पाण्यात उतरला आणि मागे वळून म्हणाला, "तुझ्यासाठीही एक जोडी बाजूला ठेवायला सांगितलीय. पायाचा नंबर काय?"