नळावरून भरून आणलेला तांब्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला निम्मं ठाऊक आहे — उरलेलं निम्मं आज तुम्हाला सांगतो.

निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जालन्यात पाणीखात्याच्या कचेरीत मी हंगामी कारकून होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर हैदराबादहून नळाच्या पाण्याच्या तपासणीचा निकाल आला — आमच्या भागातल्या नळात गटाराचं पाणी शिरतंय, उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये, घरोघर कळवा. कळवायचं म्हणजे दवंडी. हलगीवाल्याला सांगणं माझंच काम.

पण नव्या टाकीचं उद्घाटन ठरलेलं. साहेब म्हणाले, "पाहुणे येऊन जाऊ द्या. तोवर दवंडी बिलकुल न्हाई. आणि बाहेर बोललात तर उद्यापासून येऊ नका."

मी गप्प बसलो. नोकरी गेली असती, हे खरं. पण घरी येऊन बायकोला मात्र म्हणालो — पाणी उकळून रांजणात भर, कारण विचारू नको. म्हणजे भीती मला कळत होती. मग ती भिंतीपलीकडे का कळवली नाही?

भिंतीपलीकडे गोदाकाकू राहायच्या. त्यांची कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. भर दुपारी आमच्या चुलीचा धूर बघून काकू दारात आल्या. "दत्तू, ह्या उन्हात पाणी उकळून राह्यली रे तुझी बायको! बाळंतपण माझ्या घरी हाय का तुझ्या?"

मी हसलो. म्हणालो, "तिला खोकला झालाय, काकू."

एवढंच. तेव्हा सांगितलं असतं तर — पण नाही, तेव्हाही नाही.

टाकीला हार घातले त्याच दिवशी कमलला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. काकूंनी हाक मारली. मी टांगा पाठवून डॉक्टरांना बोलावणं धाडलं, आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. ओठ सुकले होते पोरीचे. पाणी मागत होती. घागर रिकामी झालेली. काकूंनी तांब्या माझ्या हातात दिला — "जल्दी भरून आण रे नळावरून."

इथवर मी मनात पुष्कळदा आलोय. इथून पुढे कधी बोललो नाही.

आमचा रांजण भरलेला होता. चार पावलांवर. पण त्यातलं पाणी दिलं असतं तर नळ सोडून उकळलेलंच का आणलं, हे सांगावं लागलं असतं. मी नळावर गेलो. तांब्या भरला. आणून दिला. काकूंनी लेकीची मान उचलून घोटघोट पाजलं, मी बघत होतो.

डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. कमल पोटातल्या जिवासकट गेली. तिसऱ्या दिवशी दवंडी फिरली. काकू ऐकत ओट्यावर बसल्या होत्या. मला विचारलं, "आधी कळलं न्हवतं का रे तुमच्या कचेरीला?"

"आजच कळलं, काकू," मी म्हणालो.

पुढे मी कायम झालो. आम्ही अजून शेजारीच राहतो. आल्यागेल्याला काकू मला दाखवून सांगतात — "माझ्या लेकीला शेवटचं पाणी ह्यानं आणून दिलं. पोटचा पोरगा करणार न्हाई एवढं केलं." दरवेळी मी तिथेच बसलेला असतो. उठून जाताही येत नाही.

त्या म्हणतात ते खरं आहे. पाणी मीच आणून दिलं.